बाविसावा डबा

कॅन्ससमध्ये, साडेसहाशे फूट खाली,
मिठाच्या खाणीत
व्हर्ना स्टकी रिळांच्या डब्यांना लेबलं लावते.

आठ वर्षांत हे चौथं नाव.
वर, न्यूयॉर्कात, कुणी कुणाला गिळलं
ते तिला लेबलांच्या खोक्यावरून कळतं:
मागच्या वेळी निळी होती, आता केशरी.
जुनं खरवडायचं नाही, त्यावरच डकवायचं.
डबे त्यानं फुगलेत जरासे,
फळीवर एकोणीस मावायचे, आता अठराच.
विलीनीकरणाच्या कुठल्याच कागदात हे नाही.

सोबत यादी. बाविसाव्यापुढे: नष्ट करा.
पुरा झालेला सिनेमा, कुणीच न पाहिलेला.
दाखवण्यापेक्षा बुडीत खात्यात टाकला
तर करात सूट जास्त.

ती डबा उचलते.
चांगला जड आहे.

इथं काही कुजत नाही.
कुण्या खाणकामगाराच्या डब्यातला
पावाचा तुकडा
तिच्या जन्माआधीपासून पडलाय कोपऱ्यात,
दातांच्या खुणांसकट.

खाल्ल्या मिठाला जागावं.
पण चार मालकांत
नेमकं कुणाचं?

बाविसाव्यावर ती केशरी लेबल लावते,
अंगठ्यानं हवा काढत, नीट,
आणि ढकलते तेविसाव्याच्या मागे.
यादीत बरोबरची खूण.

वर जायच्या लिफ्टमध्ये
ओठ चाटते.
खारट.