मनगटाच्या वर चार बोटं

दादांच्या डाव्या हातावर, मनगटाच्या वर चार बोटं,
एक जागा कायम बोडकी असायची.
मला वाटायचं, सगळ्यांच्या वडलांना असते ती,
लसीच्या खुणेसारखी.

दगड पत्र्याच्या डबीत. पत्त्यांच्या कॅटाएवढा,
एक बाजू विटकरी, दुसरी ओल्या पाटीसारखी काळी.
झाकणावर कुणा गोऱ्या माणसाचं अर्धं तोंड शिल्लक होतं,
उरलेलं गंजानं भादरलेलं.
गाव सोडून चाललेल्या एका म्हाताऱ्या कारागिराकडनं
सात रुपयांना घेतलेला.
"तुझ्या आईच्याबी आधीचा हाय ह्यो," दादा म्हणायचे
आणि आतनं भांडं आपटल्याचा आवाज यायचा.

मिरजेच्या दवाखान्यात दादा न्हावी होते.
दुकान नाही, आरसा नाही, गिऱ्हाईक आडवं पडलेलं.
ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्यांनी
पोटं भादरली, छात्या, मांड्या,
डोकी, त्यातली काही माझ्याहून लहान.
अथणीहून, रायबागहून आलेली माणसं
वस्तरा बघून डोळे गच्च मिटायची.
दादांना कानडी एकच शब्द यायचा:
अंजब्याड. भिऊ नको.

रविवारी सकाळी दगड बाहेर.
तेल नाही. साबणाचा फेस, बोटानं पसरलेला.
वस्तरा निजवायचा, पाठ टेकलेली, धार टेकलेली,
आणि धार पुढं करून न्यायचा,
दुधावरची साय काढावी तसा.
टोकाला पोचला की पाठीवर पालटायचा, परत.
सहा वेळा. चुकून आठ झाले तर
दिवसभर स्वतःवर चिडलेले:
"दगडाला जास्त दिलं की त्यो धारच खातो."
मग चामोट्यावर वीस. मग हातावर एक.
केस उडाला की सोमवारची तयारी झाली.
ती जागा कधी कोपराकडं सरकायची, कधी मनगटाकडं,
पावसाळ्यातल्या कुरणासारखी.

दगडाच्या एका कोपऱ्याचा टवका उडालाय, तो माझा.
सहावीत होते.
दादा काही बोलले नाहीत. पायरीवर पाणी ओतून
तो कोपरा घासत बसले दुपारभर, गोल होईतोवर.
नंतर वस्तरा तिथं आला की जरा वाकडा व्हायचा,
खड्डा माहीत असलेल्या यष्टीसारखा.

शेजारी दस्तगीरचाचा शिकलगार. सतारी करायचे.
जवारी लावताना एकदा दगड मागायला आले.
दादांनी दिला नाही.
दोन दिवस अबोला.
तिसऱ्या दिवशी दादाच डबी घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले,
घोडीवर दोनदा फिरवला दगड, तिसऱ्यांदा नाही.
चाचांनी तार छेडली.
दोघं बराच वेळ
ती थांबायची वाट बघत बसले.

मग परिपत्रक आलं. अर्धं ब्लेड, कागदातनं काढा,
वापरा, टाका.
दादांनी सही केली.
रिटायर होईतोवर हातावरची जागा भरून आली होती,
केस पांढरे, मऊ, पहिल्यांदाच उगवल्यासारखे.
टीव्ही बघताना आई त्यावरून हात फिरवायची,
आपण काय करतोय हे तिला माहीत नसायचं.

परवा आईला त्याच दवाखान्यात आणलं. पित्ताशय.
सकाळी आठला ऑपरेशन.
मी घरी चादर आणायला गेले तर
मोरीच्या कट्ट्यावर डबी उघडी, दगड ओला,
फेस अजून बसला नव्हता.

वॉर्डात परत आले. सिस्टरचं काम उरकलं होतं,
निळा प्लॅस्टिकचा वस्तरा ट्रेमध्ये.
दादा स्टुलावर, हात मांडीवर, खिसा जड.
"लागणार न्हाई म्हणत्यात," म्हणाले.
मी त्यांची बाही सरकवली. चार बोटं वर,
गुळगुळीत, जरा गार.
एक पांढरा केस मनगटाला चिकटलेला.

आईनं डोळे मिटले होते.
दादा तिच्याकडं वाकले. अंजब्याड, म्हणाले.
तिनं डोळे न उघडता म्हटलं,
"मराठीत बोला."