डावं दार

डावं दार ओढलं
तर चिकटपट्टी सोलल्यासारखा आवाज आला
आणि चौकटीवर रबराची काळी रेघ राहिली.

ऐरोली, सेक्टर आठ, बिल्डिंगखालचं पार्किंग.
खाडीवरून येणारा वारा इथे
लोखंडाला आधी चाटतो, मग खातो.

सव्वीस वर्षं रबाळ्याला गास्केटं कापली मी.
एकाच दाबाखाली फार काळ राहिलं
की रबर परत फुगून यायचं विसरतं.
कंपनीत आम्ही म्हणायचो, ‘सेट झालं.’
मुलगा नाशकात सेट झाला असं कुणी म्हणालं
की मला अजून तेच आठवतं.

नातवासाठी प्रमिला गेली
ती ‘दोन महिन्यांत येते’ म्हणून. दुसरा पावसाळा सरला.
उजव्या दाराचं रबर माझ्या चढउताराने झिजलंय,
डाव्याचं कोरं आहे.
कोरं आणि चिकट.

साबणाचं पाणी. जुन्या बनियनचा बोळा.
खाचेत टूथब्रश फिरवला तर निघालं काय काय:
बदामाच्या पानांचा चुरा, बडीशेप,
केसांची एक काळी पिन,
पुलावरची टोलपावती, शाई पार उडालेली.
पिन खिशात टाकली. पावतीही टाकली, उगाच.

रबराला तेल लावायचं नाही.
तेलाने ते सुजतं, मऊ पडतं, मग फाटतं.
प्रमिला सगळ्यालाच खोबरेल लावायची,
कुलपाला, कडीला, माझ्या टाचांना.
इथे सिलिकॉन, फडक्यावर थेंबभर,
बाळाला काजळ घालावं तितक्या हलक्या हाताने.

बिजागरीला मात्र ग्रीसच.
जुनं वाळून तिथे शेंदरासारखं थापलेलं,
पेचकसाने खरवडलं, पांढरं भरलं,
दार हलवत राहिलो, मागेपुढे, मागेपुढे.
कुर्र
कुर्र
कु
मग काहीच नाही.

लिंबाजी वॉचमन खुर्ची सोडून आला.
“साहेब, या दाराने बसतंय कोण?”
“तू बस.”
चपला बाहेर काढून बसला तो,
गुडघे जुळवून, सोयरिकीला आल्यासारखा.
“आता लाव. आपटू नकोस.”

धप्प.

काचेआड त्याचे ओठ हलले,
हसून काहीतरी विचारत होता.
मला एक अक्षर ऐकू आलं नाही.