बाकी

अनसूयेचा हात कडीवर आहे
गेले एकवीस दिवस.
दार आत उघडतं की बाहेर
तेही मी अजून ठरवलेलं नाही.

हर्णैच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यात
मी बिलं फाडते.
पहाटे चारला क्रशर सुरू होतो,
मग बोलणं म्हणजे नुसते हातवारे:
चौदा लाद्या, वीस लाद्या,
अंगठा खाली म्हणजे उधार.
चुरा पन्हळीतून होडीत कोसळतो
आणि डोक्यातलं वाक्य
क्रियापदाच्या अलीकडेच वितळतं.

थोरली जाऊ म्हणते, वेळ काढायचा असतो गं.
काढते ना. विहिरीतून काढावा तसा काढते.
पोहऱ्यात येतं ते आधी सासूबाईंच्या डोळ्यांत जातं,
दर चार तासांनी दोन थेंब,
मोतीबिंदू काढल्यापासून.
उरलंच तर पोरीच्या स्कॉलरशिपच्या गणितात:
एक नळ टाकी भरतो, दुसरा रिकामी करतो.
तिला उत्तर येतं.
मला त्या टाकीची दया येते.

वाटलं होतं, मासेमारी बंद झाली की लिहीन.
होड्या वर ओढल्या, झापांनी शाकारल्या,
यंत्रं गप्प झाली,
आणि मालकाने सात वर्षांची खाती
पुढ्यात आणून टाकली.
अनसूया तेव्हा दाराशी पोचलीही नव्हती,
पायरीवर ओल्या चपला काढत होती.
दुसरी चपल निघेपर्यंत
गणपती येऊन गेले.

ओहोटी रोज पाऊण तास पुढे सरकते,
तिच्यामागे होड्या, होड्यांमागे मी.
आज साडेपाचला अकरा मिनिटं मोकळी,
उद्या सव्वासहाला,
परवा नेमका त्याच वेळी डिझेलवाला.
वही ठेवत नाही. फुकट गेलेल्या पावतीच्या पाठीवर,
बिलबुकावरच टेकून, दाबून लिहिते,
घाईत अक्षर दाबूनच येतं.

तर त्या दिवशी खालचा कार्बन काढायचा राहिला.
वरचं पान कारखान्याचं,
निळी प्रत गिऱ्हाइकाची.
इसाक तांडेल ती घडी करून खिशात घालून
चार रात्रींसाठी समुद्रात गेला.
चौदा लाद्या, आणि त्याखाली निळ्यात:
*कडी कोमट होती.
म्हणजे आत्ताच कोणीतरी हात काढला होता.*

परत आला तो थेट खिडकीशी.
कागद पसरला. त्यावर बांगड्याचं एक खवलं.
"बाय, कोण होता मग?"
मला आधी कळेचना.
"चार रात्री आम्ही पाच जण ह्याच्यावरच आहोत.
खलाशी म्हणतो, नवरा.
मी म्हणतो, नवरा कशाला कडी धरून उभा राहील?
आणि आमचा भांडारी रडला.
का रडला, सांगत नाही."

म्हटलं, लिहिलं नाही अजून.
"मग लिवा की," तो म्हणाला,
बर्फ भरा की, म्हणावं तसं.

पैसे मोजले. चौदा लाद्या जमा.
तरी तो हलेना.
क्रशरला सहा मिनिटं होती,
फोनवर घरचं नाव थरथरत होतं,
थेंबांची वेळ.
मला लाज वाटली, आणि लाजेच्या तळाशी
दुसरंच काहीतरी, त्याला नाव नाही,
भांगाच्या भरतीसारखं,
दिसत नाही, पण पायाखालची वाळू ओली होते.

"पुढच्या खेपेला," मी म्हणाले.
"बाकी मांडा मग," तो म्हणाला
आणि जेटीवरून सावकाश निघून गेला.

त्याच्या खात्यावर, लाद्यांच्या खाली
मी खरंच मांडलं:
एक दार. येणे नव्हे, देणे.

मग फोन उचलला. हो, डावा डोळा आधी.
हो, येते.
आणि मान वाकडी करून फोन धरत
नवं पान उलटलं,
खालचा कार्बन
चारी कोपऱ्यांनी सारखा केला.