भाषा निवडा

तालुक्याच्या बँकेनं टाकून दिलेला डबा
दादाराव शिपायानं सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला,
खाली पोतं, वर पोतं.
शाळेत उतरवताना म्हणाला,
"मॅडम, वजन लय हाय, पण आत काही हाय का नाही, देव जाणे."

आत होतं.
उठायला अकरा मिनिटं घेणारी जुनी विंडोज,
दोन पाली, त्यातली एक जिवंत,
आणि कुण्या कॅशियरनं विसरलेले
वाढदिवसाचे चौऱ्याऐंशी फोटो.

पेन ड्राइव्ह मी यवतमाळहून आणला,
ओढणीच्या टोकाला गाठ मारून.
त्यात एक अख्खी शाळा आहे, देणारा म्हणाला होता:
पाढे, नकाशे, ग्रह, रंगपेटी,
फुकट, आणि वाटली तरी संपत नाही.
"फुकट म्हंजे मुदत सरलेलं असन,"
दादारावचं मत.

एफ-बारा तिसऱ्यांदा वेळेवर दाबलं गेलं.
काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी
वारूळ फुटल्यासारख्या धावल्या,
आणि मग पहिलाच प्रश्न:
भाषा निवडा.

बाणाची कळ दाबत दाबत खाली गेलो.
नेपाळी आणि हिंदीच्या मधे
एसटीतल्या तिसऱ्या सीटवरच्यासारखी
अंग चोरून बसलेली मराठी.
पोरांनी टाळ्या वाजवल्या.
इंद्रकला आत्रामनं नाही वाजवल्या.
"मॅडम, कोलामी?"

यादी वरून खाली नेली, खालून वर.
आइसलँडची होती.
वेल्श नावाची एक होती, कुठली ते मलाही माहीत नव्हतं.
"टाकली नसेल अजून," मी म्हणाले,
'अजून'वर जरा जास्तच जोर देऊन.

पुढे: डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल.
फोटोतला तो पोरगा केकवर फुंकर मारतो,
दर वर्षी बोटभर उंच,
नवव्या वर्षी समोरचे दात पडलेले.
"कोनाचा व्हय थो?" अंकुशनं विचारलं.
माझं बोट बटणावरच राहिलं.
मागे फिरलो, पुन्हा ती अकरा मिनिटं.
दादारावनं आपल्या मोबाइलात सगळे वाढदिवस भरून घेतले,
"बँकेत देऊन येतो सोमवारी."
मग पुसलं.

एकोणीस टक्के. चाळीस.
त्रेसष्टवर लाइन गेली.
"गेलीऽऽ" सव्वीस गळ्यांतून एकच आवाज.
इतकी एकी प्रार्थनेतही नसते.

बालू डीजेवाल्याचा इन्व्हर्टर मागून आणला,
त्यावर नवरा-नवरीचं नाव अजून चिकटलेलं.
सगळं पहिल्यापासून.
भाषा निवडा.
आता कळ इंद्रकलेच्या हातात.
मराठीवर न थांबता ती सरळ खाली गेली,
पार शेवटच्या नावापर्यंत, एकेक ओठांनी वाचत.
"तेवढ्यात आली असन तर," म्हणाली,
आणि हळूच वर आली.

संगणकाला नाव द्या, त्यानं विचारलं.
भांडण होऊन ठरलं: चितंग.
गुप्त शब्दही सगळ्यांनी मिळूनच ठरवला,
त्यामुळे तो आता पोडावर, गावात
आणि बहुधा पिठाच्या गिरणीतही माहीत आहे.

चार वाजता चितंग जागा झाला.
अंकुशनं पडद्यावरचं कासव चालवलं,
"पैनगंगेतलं असं नाही चालत," सांगून पुन्हा चालवलं.
इंद्रकलेनं कोरं पान उघडून मागितलं,
एका बोटानं, अक्षर शोधत,
तिच्या आईचा मोहाच्या फुलासाठीचा शब्द लिहिला.
खाली लाल नागमोडी रेघ उमटली.

"चुकलं?"
"नाही. त्याला येत नाही."
उजवं बटण दाबायला सांगितलं.
शब्दकोशात जोडा, असं एक बारीक वाक्य होतं तिथे.
तिनं जोडलं. रेघ गेली.
तिनं शब्द पुसून पुन्हा लिहून पाहिला,
खरंच गेली का म्हणून.

दारात बालूचा माणूस उभा,
इन्व्हर्टर न्यायला, संध्याकाळी वरात होती.
"थांब रे जरा," दादाराव त्याला म्हणाला,
"पोरगी बोलून राह्यली."