वीस अंश

भोसरीत मे महिना एकेचाळीसवर जातो
तेव्हा मी स्वेटर घालतो.
तेहतीस वर्षं, सात महिने.
आमच्या गेज रूमचं तापमान वीस.
बाहेर काहीही पेटू दे, वीस.
समोरच्या कानडे वहिनींनी एकदा बायकोला विचारलं,
ह्यांना काही दुखणं आहे का हो?
ती गॅलरीत विणत बसली होती, वैशाखात.
लोकरीचा गुंडा घेऊन आत गेली.

पहिल्या दिवशी व्हिक्टर भालेराव म्हणाले,
जॉब मशीनवरून आला की लगेच मोजायचा नाही.
तापलेला असतो.
तापलेलं सगळं आहे त्यापेक्षा मोठं असतं.
ग्रॅनाइटवर ठेव चार तास,
मग विचार त्याला, तू किती.
मी तेव्हा चोवीसचा.
कोणी विचारलं असतं तर सहा फूट सांगितलं असतं.
पाच सहा आहे.

सहा वीसची कंपनीची बस,
दापोडीचा पूल, पलीकडे भोंगा.
खिडकीतून मेट्रोचे खांब उगवताना पाहिले,
सळया, मग सिमेंट, मग वर गाडी.
आमच्या गेटवरची पाटी तीनदा बदलली,
मालक आता कुठल्या देशात राहतो
नक्की कोणालाच सांगता येत नाही.
पगाराची तारीख सातच राहिली.

केसाची जाडी सत्तर मायक्रॉन,
आम्ही एकावर भांडायचो.
घरीही तेच.
मुलीला ताप आला की कपाळावर हात ठेवून
मी दशांशात सांगायचो.
बायको म्हणायची, आकडा नको,
नुसता बस तिच्याजवळ.

अठ्ठ्याण्णवचा मार्चअखेर.
सहाशे बुश, चार मायक्रॉन बाहेर.
देवस्थळी साहेब माझ्या टेबलापाशी उभेच राहिले,
चार मायक्रॉन म्हणजे काय रे, धूळ.
मी सही केली.
तक्रार आली नाही.
वर्षभर टपाल आलं की पोटात गोळा यायचा,
आली नाही.
आली असती तर एक दिवस बोलणी खाल्ली असती
आणि झालं असतं.
अजून गावाकडे जाताना
बांधावर बंद पडलेला पंप दिसला
की मी स्कूटर हळू करतो.

आता अफ्रीन अत्तार आहे, तीही चोवीसची.
तिचं मशीन मिनिटात चाळीस ठिकाणी शिवतं
आणि कागद काढतं.
सोमवारी ती जुनी हत्यारं तपासत होती.
सर, हा चारशे सतरा बाद,
तोंड तीन मायक्रॉन झिजलंय.
माझा मायक्रोमीटर.
पडला नाही कधी, गंजला नाही,
रात्री तेलाच्या फडक्यात निजायचा.
कशानं झिजला?
मोजून.
प्रत्येक जॉबनं जाता जाता थोडं नेलं असणार,
कोणाच्या लक्षात येईल इतकं नाही.
भंगाराच्या फॉर्मवर 'कारण' असा एक रकाना असतो.
मी लिहिलं, वापर.
अफ्रीननं फॉर्म घेतला,
मायक्रोमीटर परत फडक्यात गुंडाळला
आणि मला न विचारता माझ्या डब्याच्या पिशवीत टाकला.
नियमात बसत नाही.
मीही नोंद केली नाही.

एचआरची मुलगी आज फोन घेऊन आली,
सर, शनिवारी शेवटचा दिवस,
कसं वाटतंय, दोन वाक्यं बोला.
म्हटलं, थांब चार तास.
तिला वाटलं मी चिडलो.
भालेराव असते तर हसले असते.

संध्याकाळी नाशिक फाट्याला उतरलो
आणि बाकावर बसलो.
शेजारी कलिंगडाची गाडी,
डांबर अजून मऊ.
एक लहान मुलगा माझ्याकडे बघत होता,
मग आईचा पदर ओढून त्यानं बोट दाखवलं.
स्वेटर अंगातच होता.
पहिलं बटण काढलं.
घराकडची बस आली,
गेली.