तीन मीटर जास्तीची तार

लोलयेच्या सड्यावर आमची घड्याळाची खोली:
चिऱ्याच्या भिंती, दोन एसी, तिसरा बिघडलेला,
आणि आत सीझियमचं यंत्र,
ज्याला काटे नाहीत, टिकटिक नाही.
बघायला आलेल्यांचा विरस होतो.

सड्याखाली, शंभर मीटर उतरून, माझं घर.
वर काळ जरा घाईत असतो,
दिवसाला एक नॅनोसेकंद.
सव्वीस वर्षांच्या पाळ्यांत मी नवऱ्याहून
किती जास्त म्हातारी झाले, ते एकदा मांडून त्याला दाखवलं.
तो म्हणाला, तरीच हल्ली हुमणात मीठ जास्त पडतं.

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी
मी आणि मॉरिशसचा दयानंद हिरू
एकाच उपग्रहाकडे बघतो. तेरा मिनिटं.
तो त्याच्या घड्याळानं, मी माझ्या.
मग एकाचा आकडा दुसऱ्यातून वजा करायचा.
उपग्रहाची चूक दोघांच्या पदरात सारखीच, ती गळून जाते.
उरतं ते आमचं.

हिरूचा खापरपणजा कोकणातून बोटीत चढला होता.
फोनवर विचारतो, ‘झुंजुमुंजू झालं काय गो तुमच्याकडं?’
हा शब्द आई गेल्यावर मी कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता.

चवथीच्या सुटीत साळिंदरानं अँटेनाची केबल कुरतडली.
कायतान बार्रेटोनं नवी घातली.
आणि दुसऱ्या दिवसापासून पंधरा.
रोज पंधरा नॅनोसेकंद; ना चौदा, ना सोळा.
म्हणजे साडेचार मीटर,
तुळशीपासून फाटकापर्यंत, फार तर.
पण चंद्रापलीकडे निघालेल्या यानाला
आमच्या शब्दावर वळायचं असतं.

हिरू म्हणाला, घड्याळ तुमचं बिघडलंय.
मी म्हटलं, तुमचं.
सतरा दिवस आम्ही अतिशय सभ्यपणे भांडलो.
वरून पत्र आलं: उभय केंद्रांनी कारण शोधावे.

अठराव्या दिवशी पॅनेलच्या मागे टॉर्च मारला.
वेटोळं. सुतळीनं नीट बांधलेलं.
कायतान मान खाली घालून म्हणाला,
‘कापपाक मन जालें ना, बाय.
म्हारग तार. फुडें उपकारता.’

आणि सिग्नल बिचारा रोज
त्या वेटोळ्यात तीन प्रदक्षिणा घालून
मगच माझ्यापर्यंत येत होता.

तार आम्ही कापली नाही.
वहीत एक ओळ वाढवली: केबल, वजा पंधरा.
सही माझी. शेजारी कायतानला करायला लावली,
तर आधी त्यानं हात पँटीला पुसले.

पाच दहा. तेरा मिनिटं.
‘जुळलं गो,’ हिरू म्हणाला,
आणि फोन ठेवला नाही.
लाइनवर खरखर. त्याच्या बोलण्यात नि माझ्या ऐकण्यात
अर्धा सेकंद तरी जात असेल,
कुणी मोजला नाही.
खाली गावात पोदेराचा भोंगा वाजला.
‘ते काय वाजलं?’
मी म्हटलं, पाव.