दोन बोटं

वर्ध्याच्या दवाखान्यात दातांच्या डॉक्टरणीनं
माझ्या तोंडात बोटं घालून पाहिली :
एक. दोन.
तिसरं गेलं नाही.
"काका, किती वर्षांपासून?"
मी म्हटलं, सातवीपासून.
खरं म्हणजे पाचवीपासून.
तिच्यासमोरही दोन इयत्ता खोटं बोललो.

आमच्या चर्चची घंटा म्हणजे
रुळाचा हातभर तुकडा, चिंचेला टांगलेला.
तो वाजवायचं काम बापाकडून माझ्याकडे आलं.
डाव्या हातात हातोडा,
उजवा खर्ऱ्यासाठी मोकळा.
उपासनेआधी एक पन्नी, उपदेशाच्या वेळी एक.
गालात धरून "आमेन" कसं म्हणायचं
ही माझी वेगळीच विद्या.
मागच्या खिडकीखालची भिंत लाल.
पाळकांनी दोनदा चुना मारून घेतला.
दोन्ही वेळी मारला मीच.

शपथा खूप झाल्या.
नाताळची एक, उत्तम शुक्रवारची एक,
एक तर पोरीच्या डोक्यावर हात ठेवून.
ती मोडली त्या दिवशी
सुवार्ता नुसती पाहत राहिली माझ्याकडे,
मग तिनं सूप ओढून तूर पाखडायला घेतली.
देवाला म्हणायचो, बळ दे.
म्हणता म्हणता अंगठा पन्नीवर फिरत असायचा,
जात्यासारखा, गोल गोल.

मग तो प्रभुभोजनाचा रविवार.
ताट घेऊन शांतवनबाबा रांगेत आले,
चाळीस वर्षं कुष्ठधामात पट्ट्या बांधलेले हात.
भाकरीचा तुकडा काही मोठा नव्हता,
तरी माझ्या दाताच्या दारात अडकला.
मागे रांग. कोणीतरी खोकललं.
मी मान खाली घातली.
आता बोलतील, सगळ्यांपुढे,
आणि बोलावंच त्यांनी.
पण बाबांनी तो तुकडा परत घेतला.
अर्धा केला. अर्ध्याचाही अर्धा.
बोटं झडलेल्या माणसांना
जन्मभर भरवत आले असतील, तसा
दोन बोटांनी जिभेवर ठेवला.
"घाई नाई, लेका," म्हणाले. "त्याले घाई नाई."
प्याल्यातला रस झोंबला, सगळं तोंड पेटलं.
डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं की कशानं,
मला माहीत नाही.

त्या दिवशी सुटलं असं सांगितलं
तर साक्ष छान होईल.
सुटलं नाही.
सोमवारी दुपारी गोवर्धनच्या टपरीसमोर उभा होतो,
सुपारी बारीक, चुना मापात, पन्नी हातात.
घोटता घोटता आठवलं,
काल कोणीतरी माझ्यासाठी
तुकडा लहान केला.
मी मागत होतो रुळाएवढं बळ;
मिळालं अर्ध्याचं अर्धं.
म्हणून मीही दिवस मोडून पाहिला :
चार वाजेपर्यंत.
मग नळ येईपर्यंत.
मग पोरगी शाळेतून येईपर्यंत.
पन्नी फळीवर ठेवली.
गोवर्धन म्हणाला, "काऊन बे? पैसे नाईत?
लिहून ठेवतो ना."

चैत्रात पुन्हा घसरलो. दोनदा. सांगून टाकतो.
आता अकरा महिने झाले.
तोंड अजून दोन बोटं आणि वर थोडंसं.
डॉक्टरीण म्हणते, आखडलं ते आखडलं,
याच्यापुढे आखडू नये एवढं पाहा.
भाकर वरणात भिजवून खातो.
वऱ्हाडातला माणूस मी,
आणि ठेच्याकडे लांबूनच पाहतो.
गाणं मात्र म्हणतो, उघडेल तेवढ्या तोंडानं;
शब्द थोडे चपटे निघतात,
वरच्याला कळत असावेत.

अंगठा ऐकत नाही.
झोपेतही तळहातावर फिरतो,
सुवार्ता तो मुठीत धरून ठेवते.
म्हणून शनिवारी पितळी प्याला घासायचं काम
मागून घेतलं. चिंच आणि चुलीची राख.
अंगठा गोल गोल फिरत राहतो,
त्याला वाटतं, खर्राच घोटतोय.
वाटू दे.